पेशीची वेस

"पेशीच्या कातडीवर पीएच्.डी. करून समाजाला काय मिळणार?"

हा प्रश्न गेल्या तीन वर्षांत मला निदान पंचवीस जणांनी विचारलाय. विचारणारे परके नाहीत, आपलेच आहेत. जयंतीची वर्गणी फाडणारे, अभ्यास मंडळात बसणारे, मोर्चात माझ्या खांद्याला खांदा लावून घोषणा देणारे. पीएच्.डी. करते माझी धाकटी बहीण, लांबच्या शहरात एका संशोधन संस्थेत. ती इथं सापडत नाही म्हणून प्रश्न मला. मी दहावी शिकलेला, सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधणारा माणूस. पुढचं शिक्षण म्हणाल तर वाचनालय आणि तिसऱ्या पाळीतली चहाची सुट्टी. वकिली करायची होती, एम्.पी.एस्.सी. द्यायची होती, निदान बी.एड्. तरी, हे काय काढलंय पोरीनं? असं लोक म्हणतात, आणि माझ्याकडं असं बघतात की जणू मीच तिला फितवलं.

मित्रांनो, मला हा प्रश्नच जरा उलटा करून बघायचाय.

आधी ती काय करते ते सांगतो. पेशी आपण शाळेत वहीत काढली होती. मध्ये केंद्रक, भोवती पेशीद्रव्य, बाहेरून एक रेघ. मास्तर त्या रेघेबद्दल काही बोलायचे नाहीत. रेघ मारली की झालं. धाकटीचं सगळं काम त्या रेघेवर आहे. दोन पेशी शेजारी आल्या की एकमेकींना धरतात. धरायला त्यांच्या आवरणात एक जातीची (हा शब्द बघा कुठं कुठं शिरून बसलाय!) एक प्रकारची प्रथिनं असतात, त्यांना कॅडहेरिन म्हणतात. भोवतालच्या पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतलं की त्यांचे हात सुटतात, पेशी सुट्या होतात. कॅन्सर अंगभर पसरतो तेव्हा पुष्कळदा ही धरून राहायची ताकद आधी ढिली झालेली असते. पेशी कधी धरते, कधी सोडते, सोडताना आत काय निरोप जातो, हे ती बघते. त्यासाठी पेशी सदतीस डिग्रीच्या पेटीत, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवायच्या आणि दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाद्य बदलायचं. रविवार नाही, दिवाळी नाही, १४ एप्रिलसुद्धा नाही. एकदा बुरशी शिरली तर दोन महिन्यांचं काम कचऱ्यात. मी म्हणालो, हे तर आमच्या गिरणीसारखंच झालं की. ती म्हणाली, "दादा, तुझ्या गिरणीत पगार तरी हातात पडतो." तिची फेलोशिप तेव्हा आठ महिने आली नव्हती. कुठल्या कार्यालयाची ते लिहीत नाही. त्या आठ महिन्यांत माझा सगळा ओव्हरटाइम तिच्या खोलीभाड्यात गेला.

पण तिचं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. तिनं मला एका माणसाची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मी मिळेल ते वाचत गेलो, ती सांगायचीय.

अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. काळा माणूस. जन्म १४ ऑगस्ट १८८३, अमेरिकेतलं चार्ल्सटन, दक्षिण कॅरोलायना. गुलामी कायद्यानं संपून अठराच वर्षं झालेली. बाप धक्के बांधणारा, पोरगं चार वर्षांचं असताना मेला. आई शाळा शिकवायची आणि शाळेला सुट्टी लागली की फॉस्फेटच्या खाणीवर राबायची. लहानपणी त्याला विषमज्वर झाला. उठला तेव्हा शिकलेलं वाचन सगळं पुसून गेलेलं. आईनं पुन्हा पहिल्यापासून अक्षरं गिरवून घेतली. पुढं शिकायला उत्तरेला गेला, तिथं शाळेत असतानाच आई गेली. १९०७ साली डार्टमथ कॉलेजातून मोठ्या गुणवत्तेनं पदवीधर झाला. एवढं शिकून काळ्या माणसाला नोकरी मिळणार कुठं? काळ्यांच्याच कॉलेजात. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात तो लागला, आधी इंग्रजी शिकवायला आणि मग प्राणिशास्त्र.

१९०९ पासून दर उन्हाळ्यात तो मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वूड्स होल नावाच्या गावी जाऊ लागला. तिथं समुद्री जीवांची मोठी प्रयोगशाळा आहे. फ्रँक लिली नावाचा शिकागोचा प्राध्यापक तिचा प्रमुख होता, त्याच्या हाताखाली जस्ट काम करू लागला. काम काय? नेरीस नावाचा समुद्री किडा. हे किडे उन्हाळ्यातल्या ठरावीक रात्री, चंद्राच्या कलेप्रमाणे, अंडी घालायला पाण्याच्या वर येतात. कंदील धरला की उजेडाकडं धावतात. जस्ट रात्री कंदील आणि जाळी घेऊन धक्क्यावर. तिसऱ्या पाळीचा कामगारच म्हणायचा.

आता त्याचा प्रयोग बघा. त्यानं अंडी समुद्राच्या पाण्यात ठेवून त्यात काळी शाई मिसळली. अंड्याभोवती चिकट बुळबुळीत थर असतो, तिथं शाई शिरत नाही, म्हणून काळ्या पाण्यात अंड्याभोवती पांढरं कडं दिसतं. पण जिथनं शुक्रजंतू आत गेला तिथं त्या कड्यात शाईची वाट उमटते. आत शिरायची जागा अशी सापडली. मग तो डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून बसला, की एका पेशीच्या दोन होताना पहिला काप कुठनं जातो. काप त्याच जागेतून गेला. १९१२ साली हे छापून आलं, त्याचा पहिला निबंध. म्हणजे अंड्याचा पहिला काप कुठं पडणार हे अंड्यात आधीपासून कोरलेलं नव्हतं. स्पर्श कुठं झाला त्यावर ते ठरत होतं. किड्याच्या अंड्यापुरतंच हे खरं, जास्त ताणायचं नाही, पण मी हे वाक्य गिरणीच्या हजेरी कार्डाच्या मागं लिहून ठेवलंय.

हे सगळं तो नोकरी सांभाळून करत होता. हिवाळ्यात हॉवर्डमध्ये शिकवायचं, उन्हाळ्यात किडे. शेवटी शिकागो विद्यापीठात हजेरी लावून त्यानं पीएच्.डी. पुरी केली. विषय, समुद्री किड्याच्या अंड्याचं फलन. साल १९१६.

१९१६ म्हटल्यावर तुमच्याही डोक्यात दिवा लागला असेल. त्या वर्षी बाबासाहेब कोलंबियात होते. ९ मे १९१६ ला त्यांनी गोल्डनवायझरच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असं मांडलं. आणि त्याच कोलंबियात, टी. एच्. मॉर्गनच्या खोलीत, दुधाच्या बाटल्यांत माश्या पाळून त्याचे विद्यार्थी आनुवंशिकता मोजत होते. स्टर्टव्हंट या विद्यार्थ्यानं जनुकांचा पहिला नकाशा १९१३ साली छापला. ब्रिजेस या दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध १९१६ साली आला, जनुकं गुणसूत्रांवरच असतात याचा पक्का पुरावा म्हणून तो आजही शिकवतात. म्हणजे एका आवारात माशीचा जन्म मोजला जात होता आणि तिथंच एक पंचविशीतला महार विद्यार्थी जन्मावर उभारलेल्या जातीचं गणित मांडत होता. मला यांची भेट घडवायची नाही. आपल्यातल्या काहींना अशी सवय आहे, कुणाचीही बाबासाहेबांशी गाठ घालून द्यायची. गाठ न घालताही हे केवढं मोठं आहे!

आणि कुणाला उपयोगच पाहिजे असेल तर हाही घ्या. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि हार्वर्डमधल्या संशोधकांनी भारतीय उपखंडातल्या ७३ समूहांचे डीएनए तपासून लिहिलं, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथले लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते, जातीतल्या जातीत लग्नं करायचं बंधन आलं ते त्यानंतर. बाबासाहेबांनी १९१६ साली पुस्तकं वाचून आणि डोकं चालवून जे मर्म धरलं होतं, त्याच्या खुणा रक्तात सापडायला ९७ वर्षं लागली. ते रक्त तपासायला कुणीतरी पेशीवर पीएच्.डी. केलेली लागते, हे लक्षात घ्या.

आता जस्टचं मोठं काम. सँड डॉलर म्हणून एक समुद्री प्राणी आहे, बिस्किटासारखा चपटा. त्याच्या अंड्यांवर १९१९ साली त्यानं बघितलं, की एक शुक्रजंतू टेकला की टेकल्या जागेपासून अंड्याचं वरचं पटल सुटायला लागतं आणि लाटेसारखं सगळ्या अंड्याभोवती फिरून येतं. हे इतरांनीही बघितलं होतं. जस्टला त्याच्या अलीकडचं दिसलं. पटल उचलायच्या आधीच एक न दिसणारा बदल अंड्यावरनं धावून जातो, आणि मग दुसरा कुणी शुक्रजंतू आत शिरू शकत नाही. यंत्र नाही, तार नाही, फक्त डोळा. १९७६ साली लॉरिंडा जाफे या संशोधिकेनं सी अर्चिनच्या अंड्यात बारीक तारा खुपसून दाखवलं, की तो बदल विजेचा असतो. स्पर्श झाल्यावर काही सेकंदांत आवरणाचा विद्युत्भार पालटतो.

जस्ट सांगत राहिला, की पेशीचं आवरण म्हणजे मेलेली साल नव्हे, तेसुद्धा जिवंत आहे. बाहेरचं जग आधी त्याला भेटतं, आणि आत काय होणार ते पुष्कळसं तिथं ठरतं. त्या काळी सगळे केंद्रकाच्या मागं लागले होते, जो तो जनुक जनुक करत होता. जस्ट कडेला उभा राहून म्हणत होता, कडेकडं बघा. त्याचं सगळंच खरं ठरलं नाही. जनुकांना त्यानं फार कमी लेखलं आणि तिथं मॉर्गनची पोरं जिंकली. पण धाकटी म्हणते, आज तिच्या प्रयोगशाळेत निम्मे लोक आवरणावरच काम करतात. मी या आवरणाला पेशीची वेस म्हणतो. तिला ते पसंत नाही. "दादा, आवरण म्हण. वेस म्हटलं की तुला लगेच महारवाडा दिसतो." दिसतोच. कवीला दिसू नये काय?

कामावरचा एक दोस्त आहे, वरच्या जातीतला, माणूस वाईट नाही. त्याला ही अंड्याची गोष्ट सांगितली तर म्हणतो, बघ, निसर्गसुद्धा एकाला आत घेऊन बाकीच्यांना वेस बंद करतो, मग गावानं केली तर काय बिघडलं? च्यायला! अंडं कुळी विचारून दार लावत नाही, पहिला येईल त्याला घेतं. दोन शिरले तर गुणसूत्रांची वाटणी बिघडते, गर्भ मरतो, म्हणून लावतं. पण असल्या वादात जास्त पडू नये. किड्याच्या अंड्यावरनं माणसाचा कायदा निघत नाही. माणसाचे कायदे माणसांनी लिहिलेत. एक मनूनं लिहिला, एक बाबासाहेबांनी.

आमच्या घरात कडेची गोष्ट फार जुनी आहे. आज्ज्याचा बाप परळच्या गिरणीत होता, रिंगखात्यात. साळखात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथं मज्जाव. कारण काय तर थुंकी. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातनं तोंडानं ओढून काढायचं, तुटलेलं सूत थुंकी लावून सांधायचं. महाराची थुंकी लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? साहेबाच्या यंत्रावर, साहेबाच्या कापसावर, लाकडाच्या धोट्यात गावची वेस येऊन बसली. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हे उघडं केलं, आणि अस्पृश्यांना सगळी खाती खुली करा ही मागणी युनियनच्या पुढाऱ्यांपुढं लावून धरली. आज्जा हे सांगताना हसायचा. तो स्वतः १९८२ च्या संपात कायमचा घरी बसला.

तर ती थुंकी. धाकटीनं मला सांगितलं तिच्यात काय असतं. शंभरातले नव्याण्णव भाग पाणी. उरल्यात क्षार, प्रथिनं, जंतू आणि गालाच्या आतनं सुटलेल्या पेशी. आज माणसाची ओळख पटवायची झाली तर जगभर गालाच्या आतनं काडी फिरवतात आणि त्या पेशींतनं डीएनए काढतात.

जस्टकडं परत येतो. १९१५ साली त्याला काळ्यांच्या चळवळीचं पहिलं स्पिंगार्न पदक मिळालं. वूड्स होलमध्ये कुणाचा प्रयोग फसला की लोक त्याच्याकडं यायचे, अंडी कशी हाताळायची ते विचारायला. काच किती स्वच्छ पाहिजे, पाणी किती गार पाहिजे, यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. तरीपण एकाही गोऱ्या विद्यापीठानं त्याला संशोधनाची नोकरी दिली नाही. एकाही नाही. अंडी तू निवड, खुर्ची आमची. आणि जे पैसे द्यायचे ते काय सांगायचे? तू हॉवर्डमध्येच राहा, तुझ्या लोकांतले डॉक्टर तयार कर, तुझ्या लोकांच्या उपयोगी पड. गोऱ्या प्राध्यापकाला कुणी विचारत नव्हतं, की बाबा, किड्याच्या अंड्यानं गोऱ्या समाजाला काय मिळणार? मालकानं विचारलेला हा प्रश्न आपण आपल्याच पोरीला का विचारतो, हे मला कुणीतरी सांगा. बाबासाहेबांनी लंडनला प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर, १९२३ साली पुस्तक निघालं. कोलंबियाची पीएच्.डी. १९२७ साली हातात आली ती ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर. चलन आणि जमाखर्च! तेव्हाही एखादा म्हणाला असता, रुपयाचं काय घेऊन बसलात, वस्तीत प्यायला पाणी नाही. चवदार तळ्यावर गेला तो हाच रुपयावर लिहिणारा माणूस, आणि त्याच १९२७ साली.

१९२९ ला जस्ट इटलीत नेपल्सच्या प्रयोगशाळेत गेला. १९३० ला बर्लिनच्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेनं त्याला बोलावलं. तिथं त्याला वूड्स होलमध्ये कधी मिळाली नव्हती अशी बरोबरीची वागणूक मिळाली, असं तो उघड बोलला. यातली मेख बघा. त्याच बर्लिनच्या त्याच दालेम भागात १९२७ पासून कैसर विल्हेल्मचीच दुसरी संस्था होती, मानववंश आणि वंशशुद्धीची. एका इमारतीत काळ्या माणसाला मान, शेजारच्या इमारतीत काळ्या माणसाला खालचा ठरवायची मापं. १९३३ ला हिटलर आला. १९३८ ला जस्टनं अमेरिका सोडली ती कायमची म्हणूनच, आणि फ्रान्सच्या रॉस्कॉफ गावी समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत काम धरलं. पेशीच्या पृष्ठभागावरचं त्याचं मोठं पुस्तक १९३९ साली निघालं. १९४० ला जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, परदेशी म्हणून त्याला छावणीत डांबलं. त्याची दुसरी बायको जर्मन होती, तिच्या माहेरच्या खटपटीनं सुटला आणि आजारी शरीर घेऊन परत अमेरिकेत आला, जिथनं गेला होता तिथंच. २७ ऑक्टोबर १९४१ ला स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं वॉशिंग्टनला मेला. वय ५८. अमेरिकेच्या टपाल खात्यानं १९९६ साली त्याचं तिकीट काढलं. मेल्यावर तिकीट काढायला सगळीच सरकारं तयार असतात.

१९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते काळ्यांच्याकडनंच. नाव घेतलं, कविता घेतल्या, मूठ घेतली. जस्ट मात्र तिकडनं आला नाही. आपल्या वाचनालयात त्याच्यावर मराठीत एक पान मला सापडलं नाही. धाकटीला म्हटलं, तू लिही. म्हणाली, मला पेशींना खायला घालायचंय, तूच लिही, चुकलास तर मी सांगते. हा लेख तिनं फोनवर ऐकलाय आणि तीन ठिकाणी दुरुस्त केलाय. कॅल्शियमचं वाक्य तर तिचंच आहे.

येत्या महिन्यात ती चार दिवस घरी येतेय. शनिवारी संध्याकाळी विहारात सूक्ष्मदर्शक मांडणार आहे, तिच्या एका मैत्रिणीनं शाळेचा जुना दिलाय. गालाच्या आतनं काडी फिरवायची, काचेवर घासायची, मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा. निळं केंद्रक दिसतं, भोवती फिकं पेशीद्रव्य, आणि नीट बघितलं तर कडेची ती रेघ. येताना तोंड धुऊन या, तंबाखू खाऊन येऊ नका. काचा पन्नासच आहेत, तेव्हा बायका आणि पोरं आधी.